तुझ्या तोंडी तुझाच आवाज

प्रिय तिता नेना,

तुझी लेक टेस म्हणते, तुम्हा फिलिपिनो लोकांत माणूस गेलं की चाळीस दिवस त्याचा आत्मा घरादाराभोवतीच घुटमळत असतो आणि चाळिसाव्या दिवशी कायमचा जातो. आज चाळिसावा दिवस. संध्याकाळी चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना आहे. म्हणजे तुला काही सांगायचं असेल तर माझ्या हातात आजचाच दिवस उरला. म्हणून सकाळी माझ्या ईराला स्विमिंगच्या क्लासला पिटाळलं, उरलेल्या फराळाचे डबे बाजूला सारले आणि कागद घेऊन बसले.

पहिल्याच ओळीला अडले बघ. चार वर्षं आपण इंग्रजीत बोललो, तिथे ‘यू’ म्हटलं की सगळं निभावून जातं. मराठीत तुला काय म्हणू? वय चौऱ्याहत्तर, त्यातून सिनेनटी! पण तिता म्हणजे मावशी, हे तूच मला सांगितलं होतंस, आणि मावशीला मी ‘तू’च म्हणते. तेव्हा तू. तुला मराठी कळत नाही, हे ठाऊक आहे मला. पण माझ्या तोंडची तुमची टागालोग भाषा तू मुकाट्याने सोसलीस, तसं आता हेही सोस.

आठवतं, मी पहिल्यांदा तुझ्या दारात आले ती भांडायला? सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या आमच्या नव्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सामान लावून दोन दिवसही झाले नव्हते. तू कॉरिडॉरमध्ये सुपासारख्या चपट्या टोपलीत मासे वाळत घातले होतेस. आमच्या शुद्ध शाकाहारी घरात अगरबत्तीलाही तो वास आवरेना. तणतणत आले, बेल वाजवली. तू दार उघडलंस, गाऊन घातलेला, ओठांना मात्र लिपस्टिक! आणि माझं ऐकून घेण्याआधीच हात पुढे केलास, तळवा खाली. मी तो धरून हलवला. तू हसलीस, हात सोडवून घेतलास आणि अलगद माझ्या कपाळाला लावलास. तुमच्यात थोरांचा आशीर्वाद असा घेतात म्हणे. आशीर्वाद घेतल्यावर कोण भांडणार? मी कॉफी पिऊन परत आले. मासे तिथेच राहिले.

टेस दिवसभर रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात. मी पुण्याची नोकरी सोडून नवऱ्यामागे आलेली, डिपेंडंट पासवर, दुपारी करायला काही नाही. तूही एकटी. मी रोज तासभर येऊन बसायला लागले. तू सिनेमात होतीस, हे तू मला दोन महिने सांगितलं नाहीस! आणि एकदा सांगितल्यावर मग थांबली नाहीस.

इलोइलोजवळच्या एका गावात तुझा जन्म. अठराव्या वर्षी आत्याबरोबर मनिलाला आलीस, एका बेकरीत काउंटरवर उभी राहिलीस, आणि पाव घ्यायला आलेल्या एका कॅमेरामनने तुला स्टुडिओत नेलं. तिसऱ्याच सिनेमात नायिका! पुढच्या सगळ्या पायऱ्या तू मला बोटांवर मोजून दाखवायचीस. आधी नायिका, मग नायिकेची थोरली बहीण, मग आई, मग आजी, आणि शेवटी टीव्हीवर सुनांना छळणारी सासू. “बाजारात बायका मला मासे द्यायच्या नाहीत,” तू सांगायचीस, “म्हणायच्या, आधी सुनेला घरात घे!” आणि स्वतःच खो खो हसायचीस.

पण एक गोष्ट सांगताना तू कधी हसली नाहीस. तुमच्या सिनेमात तेव्हा शूटिंगच्या वेळचा आवाज धरतच नसत, आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. आणि तुझा आवाज त्यांना चालेना. तू बोलायचीस तुमच्या गावाकडच्या इलोंगोचा हेल काढून. मनिलाच्या प्रेक्षकांना ते गावंढळ वाटेल म्हणे. चेहरा तुझा ठेवला आणि आवाज दुसऱ्या बाईचा भरला. एका सिनेमात नाही, अकरा वर्षं! तू पडद्यावर रडायचीस आणि थिएटरात हुंदका दुसरीचा ऐकू यायचा. तुझ्या आईने गावातल्या थिएटरात तुझा सिनेमा पाहिला आणि घरी येऊन म्हणाली, पोरगी छान दिसते, पण बोलली असती तर बरं झालं असतं. हे सांगताना तू खिडकीकडे तोंड फिरवलं होतंस.

बाराव्या वर्षी तू हटून बसलीस. आवाज माझा, नाहीतर चेहराही नाही. त्या सिनेमात पहिल्यांदा तुझ्या तोंडून तू बोललीस. आणि दैव बघ, नेमकी त्याच सिनेमाची एकही प्रत आज शिल्लक नाही. पुढचेही बरेचसे ओल आणि उकाड्याने सडून गेले. यूट्यूबवर कुणीतरी टाकलेले तुझे जे सिनेमे सापडतात ते सगळे आधीचे, परक्या आवाजाचे. तू ते आवाज बंद करून बघायचीस आणि सोफ्यावर बसून स्वतःचे संवाद स्वतः म्हणायचीस, हेल काढून. मी गुपचूप बघत राहायचे. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी उठावंसं वाटायचं नाही.

तरी उठायचेच मी. हे आधी लिहून टाकते, कारण याच्यावरच सगळं येऊन ठेपलंय. साडेबाराला तू राइस कुकर लावायचीस आणि मी चप्पल शोधायला लागायचे. तुझ्या जेवणात मासे असणार, ते नाही कसं म्हणायचं, या भीतीने मी भाताच्या आधीच सटकायचे. तू म्हणायचीस, “बस, राइस इज कमिंग.” मी म्हणायचे, “उद्या, तिता.” एका शुक्रवारी तू खास माझ्यासाठी मुगाचं कालवण केलंस, मोंगो. त्यात तुमची सुकी कोळंबी टाकली नव्हतीस. मला दोनदा सांगितलंस तसं. आणि त्या दिवशी मला ईराच्या शाळेत जायचं होतं. मी गेले! दहा मिनिटं थांबले असते तर काय शाळा बंद पडणार होती?

मग ह्वे लिंग आली. फिल्म शिकणारी चिनी मुलगी, डोळ्यांवर मोठा चष्मा. तिला परीक्षेसाठी छोटी फिल्म करायची होती. गोष्ट साधी. इथे घरकाम करणाऱ्या लेकीला भेटायला एक म्हातारी फिलिपिन्सहून येते. खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरमध्ये टेबल धरते, समोरच्या खुर्चीवर टिशूचं पाकीट ठेवते. इथे तसं पाकीट ठेवलं की जागा राखली गेली, कुणी तिथे बसत नाही. लेक येत नाही. म्हातारी त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. टेसच्या ऑफिसातल्या कुणीतरी तुझं नाव सुचवलं. पंधरा वर्षांनी काम! तू माझ्याच आरशासमोर उभी राहून केस रंगवलेस आणि माझ्या पांढऱ्या बाथरूम मॅटवर कायमचा डाग पाडलास.

संवाद मात्र तुला पाठ होईनात. सकाळी केलेलं दुपारी पुसलेलं. तू टेसला कळू दिलं नाहीस. मला स्वयंपाकघरात ओढलंस आणि म्हणालीस, “मला डिक्टाडोर लागेल.” माझ्या डोळ्यांसमोर हुकूमशहा आला! तो नव्हे. तुमच्या सेटवर कॅमेऱ्यामागे बसून नटाला एकेक ओळ मोठ्याने सांगणारा माणूस, तो डिक्टाडोर. आवाज नंतरच भरायचा असल्यामुळे त्याचा आवाज आला तरी बिघडत नसे. “पण तिता, मला टागालोग येत नाही,” मी म्हणाले. “म्हणून तर तू,” तू म्हणालीस. “टेस सुस्कारा टाकून सांगते. डिक्टाडोरने कोरडं वाचायचं असतं. भावना माझ्या मी घालते.”

मी सगळी पानं देवनागरीत उतरवली. तू ती अक्षरं बघून म्हणालीस, “ही तर दोरीवर वाळत घातलीयेत!” ईरा माझं वाचन ऐकून म्हणाली, “मम्मा, युवर टागालोग सो जिआलात, लाह!” जिआलात म्हणजे भयंकर; तरी वाचत राहिले. ह्वे लिंगला आपण सांगितलं की शूटिंग जुन्या पद्धतीने करू आणि आवाज नंतर स्टुडिओत भरू. तिलाही ते पटलं, कारण हॉकर सेंटरच्या गोंगाटात धड काही ऐकू आलंच नसतं.

तेव्हा तू माझ्याकडून दोन वचनं घेतलीस. एक, माझ्या तोंडी पुन्हा कधी दुसरीचा आवाज घालू द्यायचा नाही. दोन, मला ओळी सांगाव्या लागतात, हे बघणाऱ्यांना कधी कळता कामा नये. मी दोन्ही दिली. वचन देताना माणूस किती उदार असतं!

तोआ पायोहच्या त्या सकाळी मी त्या रिकाम्या खुर्चीच्या आड, ओल्या फरशीवर उकिडवी बसले होते. कॅमेरा तुझ्या चेहऱ्यावर. मी ओळ म्हणायचे, आणि माझी संपायच्या आतच तू सुरू व्हायचीस. माझी ओळ कोरडी ठणठणीत, आणि तीच तुझ्या तोंडून आली की माझ्या अंगावर काटा! शेवटच्या पानाला टेबलं पुसणाऱ्या मावशींची गाडी माझ्या शेजारून गेली आणि कागद चाकाखाली. मी तो ओढतेय, तो फाटतोय, माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. आणि तू मात्र बोलत होतीस. खाली माझ्याकडे बघत, हळू, सलग. मग थांबलीस. ह्वे लिंगने पान चाळलं. “आंटी, हे स्क्रिप्टमध्ये नाही,” ती म्हणाली. तू म्हणालीस, “सॉरी, विसरले.” आम्ही पुन्हा घेतलं. मी घरी येताना बसमध्ये काळजीत होते, हिचं विसरणं फारच वाढलंय म्हणून.

आता मला जे लिहायचंय ते लिहायला हात वळत नाही.

आवाज भरायची तारीख ह्वे लिंगने कळवली, अनंत चतुर्दशीनंतरचा मंगळवार. मी सहज पुण्याला आईशी फोनवर बोलताना सांगितलं. ती म्हणाली, “अगं, पितृपक्षात कसलं नवीन काम काढता? घटस्थापनेला करा.” तिता, मी पत्रिका मानत नाही, उपास करत नाही, गणपतीतसुद्धा मोदक विकतचे आणते. पण पंधरवड्यात शुभ काम करू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं, ते आत कुठेतरी बसलेलं असतंच. मला वाटलं, पंधरा वर्षांनी तुझं काम होतंय, उगाच कशाला नाट लागू द्या! मीच ह्वे लिंगला तारीख पुढे ढकलायला लावली. घटस्थापनेला स्टुडिओही मिळत होता तिला.

आणि तू! तू तरी एकदा नको म्हणायचं होतंस! तू उलट मान डोलावलीस. पितरांचा पंधरवडा म्हटल्यावर तुला ते अगदी पटलं. “मेलेल्यांशी भांडू नये,” म्हणालीस. “माझ्या आवाजासाठी मी अकरा वर्षं थांबलेय, पंधरा दिवसांचं काय!”

त्याच आठवड्यात यंदाचा तो भयानक हेझ, शेजारच्या देशातल्या जळत्या जंगलांचा धूर, दाटला. समोरची बिल्डिंग दिसेना, शाळांना सुट्टी, सगळे मास्क लावून. तुला खोकला लागला. मी स्वतःला समजावलं की बरंच झालं, घसा बसलेला असताना आवाज कसा भरला असता? पण तारखा मला पाठ आहेत, तिता. आधी ठरलेल्या मंगळवारी तुझा घसा स्वच्छ होता. त्या दिवशी मी येऊन बसले होते आणि तू मला सुनेला घराबाहेर काढण्याचा प्रसंग पूर्ण आवाजात करून दाखवला होतास. हेझ हे निमित्त मला नंतर सापडलं. खोकल्याचा न्यूमोनिया झाला. घटस्थापनेला आठवडा उरला असताना तू गेलीस.

तुला मनिलाला नेण्याआधी शेवटचं पाहायला मी आले. बायका जपमाळ घेऊन प्रार्थना म्हणत होत्या. तुला लिपस्टिक लावली होती, तुझ्यापेक्षा एक छटा फिकी. मी निघाले तेव्हा टेस बसल्या जागेवरून उठली नाही. दारापर्यंत आली नाही, आल्याबद्दल थँक्यूही म्हणाली नाही. मला वाटलं, झालं! हिला पितृपक्षाचं कळलंय. दुःखाच्या घरातून निघताना आम्ही ‘येते’ म्हणत नाही, म्हणून मीही काही न बोलता निघाले. त्यानंतर महिनाभर आम्ही दोघी एकाच मजल्यावर राहून एकमेकींना चुकवत होतो. लिफ्टमध्ये ती दिसली तर मी पत्रपेटी बघायचं नाटक करायचे. दिवाळीला पणती लावताना तुझ्या दाराकडे पाहायचा धीर झाला नाही.

परवा संध्याकाळी ह्वे लिंग लॅपटॉप घेऊन टेसकडे आली. टेसने मलाही बोलावलं. ह्वे लिंगने एक फिलिपिनो नटी शोधली होती, वयस्कर, तुझ्यासारख्याच आवाजाची. “तिने आवाज भरला तर फिल्म पूर्ण होईल,” ती म्हणाली. “नाहीतर सेटवर नुसता अंदाजासाठी घेतलेला आवाज आहे. त्यात या आंटीच्या ओळी पण ऐकू येतात, एकीवर एक चढलेल्या. आंटी, कॅन ऑर नॉट?” टेस माझ्याकडे बघून म्हणाली, “मम्मीने आवाजाचं वचन तुझ्याकडून घेतलंय, मला सांगितलं होतं तिने. तू सांग.”

मला रडू फुटलं. मी सगळं सांगून टाकलं, पंधरवडा, आईचा फोन, आधीचा मंगळवार. टेसने पाण्याचा पेला पुढे केला. मग म्हणाली, “तेव्हा कळलं असतं तर मी तुझ्यावर चिडले असते.” “म्हणजे तेव्हा कळलं नव्हतं?” मी विचारलं. “मग तू दारापर्यंत का आली नाहीस?” तेव्हा तिने सांगितलं. तुमच्यात मयताच्या घरातून पाहुण्यांना पोचवायला जात नाहीत, थँक्यू म्हणत नाहीत, तसं केलं तर पुन्हा कुणीतरी जातं म्हणे. “आणि तू बाय न म्हणता निघून गेलीस,” टेस म्हणाली, “मला वाटलं, मी मम्मीकडे नीट लक्ष दिलं नाही म्हणून तू रागावलीस.” एक महिना, तिता! दोघींनी आपापली रीत पाळली आणि दोघी एकेकट्या रडत बसलो. तू असतीस तर दोघींच्या डोक्यात एकेक टपली मारली असतीस.

मग आम्ही तिघींनी हेडफोन लावून तो सेटवरचा आवाज ऐकला. आधी माझा, जिआलात. त्याच्या अंगावरून तुझा. लाजेने मी अर्धमेली. मग ती जागा आली जिथे माझा कागद फाटला. माझा आवाज नाही, भांड्यांचाही नाही. अर्धा मिनिट नुसती तू. टेसने एकदम कानांवर हात दाबून हेडफोन घट्ट धरले. “हे टागालोग नाही,” ती म्हणाली. “हे आमच्या गावचं. इलोंगो. मम्मी हे फक्त घरच्यांशी बोलायची.” काय म्हणतेय ती, मी विचारलं. टेसने एकेक शब्द सावकाश सांगितला.

“उठतेस कशाला? बस ना जरा. रोज भाताच्या आधीच जातेस. भात होतच आलाय.”

फिल्ममधली लेक येतच नाही गं. ती रोज भाताच्या आधी कुठून जाणार? तू विसरली नव्हतीस. खाली माझ्याकडे बघून बोलत होतीस, आणि मी फाटका कागद जुळवत होते.

तर ऐक. ती दुसरी नटी नको, असं मी ह्वे लिंगला सांगितलं. तुझ्या तोंडी तुझाच आवाज राहील, त्या अर्ध्या मिनिटासकट, तुझ्या हेलासकट. पण त्याला चिकटून माझाही राहणार, आणि नेना आर्तियागाला ओळी सांगाव्या लागत होत्या, हे आता जो बघेल त्याला कळणार. तुझी दोन्ही वचनं पाळता येणं शक्यच नव्हतं. दुसरं मी मोडतेय, तुला सांगून मोडतेय. रागव हवं तर. पण त्या पोरीला, जिचा हुंदका अकरा वर्षं कुणी ऐकला नाही, तिला पुन्हा मुकी करायचं माझ्याच्याने होणार नाही.

फेब्रुवारीत फिल्म ह्वे लिंगच्या कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवणार आहेत. मी लवकर जाईन. माझ्या शेजारच्या खुर्चीवर टिशूचं पाकीट ठेवीन आणि कुणालाही तिथे बसू देणार नाही. जिथे जिथे ती फिल्म लागेल आणि मला जाता येईल, तिथे हेच करीन, हे तिसरं वचन. हे तू मागितलेलं नाहीस, मी आपण होऊन देतेय.

आज प्रार्थनेनंतर टेसने जेवायला बोलावलंय. तिने मोंगो केलंय, कोळंबी न टाकता. राइस कुकर तिथे गेल्यावरच लावायचा, असं मी तिला सांगून ठेवलंय. आज मी भात होईपर्यंत बसणार आहे.

तुझी डिक्टाडोर,
मेधा